मुलं जवळ म्हणजे किती जवळ?

मंडळी, आपल्या कोथरूडच्या कुठल्याही ज्येष्ठ नागरिक संघात बसा, दहा मिनिटांत गाडी मुलांवर येते आणि मग कोणीतरी म्हणतंच, "तिकडच्या लोकांचं काय हो, मुलं अठराची झाली की बाहेर, माया म्हणून नाही." मला हे अजिबात पटत नाही.

युरोपातच बघा. 2023 मध्ये फिनलंडमधली मुलं सरासरी 21 व्या वर्षी घर सोडत होती आणि क्रोएशियातली जवळजवळ 32 व्या वर्षी. आता फिनलंडच्या आईला माया कमी का? तिथे शिकणाऱ्या मुलाला सरकार पैसे देतं, घरभाड्यालाही मदत करतं, त्यामुळे वेगळं राहणं परवडतं. इटली, स्पेनमध्ये पक्की नोकरी लवकर लागत नाही, भाडी झेपत नाहीत, मग तिशीपर्यंत आईच्याच हातचं जेवण. आणि अमेरिका, जिला आपण सगळ्यात जास्त नावं ठेवतो, तिथे जुलै 2020 मध्ये 18 ते 29 वयातली 52 टक्के मुलं आईवडिलांकडे राहत होती, कारण कोविडमध्ये नोकऱ्या गेल्या, कॉलेजं बंद पडली.

सिंगापूरचं मला फार आवडतं. आईवडिलांच्या 4 किलोमीटरच्या आत सरकारी योजनेतला जुना फ्लॅट घेतला तर सरकार अनुदान देतं, एकत्र राहिलात तर आणखी जास्त. म्हणजे साधारण कर्वे पुतळा ते डेक्कन एवढं अंतर धरा, भाजी द्यायला जाऊन परत येता येतं. आपल्याकडेही हल्ली लोक एकाच सोसायटीत दोन फ्लॅट घेतात, आणि शहाणपणाचं आहे ते, सुनेलाही मोकळा श्वास आणि सासूलाही.

आपल्याकडे 2007 चा कायदा आहे, मुलं बघत नसतील तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये मिळू शकतात. ज्याच्यावर वेळ आलीये त्याने लाजू नये, जरूर करावा. पण पुण्यात मला जास्त दिसतं ते दुसरंच, पैसे वेळेवर येतात, व्हिडिओ कॉल रोज होतो आणि तरी एकमेकांचं काहीच माहीत नसतं.

आमच्या बिल्डिंगमधले एक काका बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशनच्या फॉर्मवर सही केली शेजाऱ्याने. रात्री साडेआठला न्यू जर्सीहून मुलाचा कॉल आला तेव्हा काकूंनी फोन असा धरला की फक्त काकांचा चेहरा दिसेल, पलंगाचा दांडा नाही, सलाईन नाही. "जरा सर्दी झालीये रे." आठवड्याने त्याला कळलं आणि तो इतका चिडला की बोलेचना, आणि मला विचाराल तर बरोबरच चिडला. मग कळलं त्याचीही नोकरी दोन महिन्यांपूर्वी गेली होती, त्याने ते इकडे सांगितलंच नव्हतं, बाबांना टेन्शन नको म्हणून. दोघंही प्रेमापोटीच लपवत होते हो, पण अशा वेळी पोरगा बाणेरला असता तरी काय फरक पडला असता?

म्हणून माझं एवढंच ऐका, येत्या रविवारच्या कॉलवर जेवलास का विचारून झालं की पुढचंही बोला. मी पडले तर पहिला फोन कोणाला, सही कोण करणार, मेडिक्लेमची फाइल कुठल्या कपाटात. आणि त्यालाही विचारा, तुझं तिकडे नीट चाललंय ना, खरं सांग.