तान्ह्याचं रडणं, चालत्याचा हट्ट

मंडळी, नमस्कार.

मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातली. कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारं आमचं गाव. गेली सतरा वर्षं इथं कॅनडात पाळणाघरात काम करते. ‘लहान मुलांचे हट्ट’ यावर बोला असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा डोळ्यांपुढे आला तो माझ्या भाच्याचा मुलगा. त्याला मी पोळ्याच्या सणाला दोनदा पाहिलं, मधे दोन वर्षांचं अंतर ठेवून.

पहिल्या वेळी तो सहा आठवड्यांचा होता. दारात बैलांची पूजा झाली, पुरणपोळीची पंगत बसली आणि दिवेलागणीला हा जो रडायला लागला तो रात्री नऊ वाजले तरी थांबेना. पाय पोटाशी घ्यायचा, मुठी आवळायचा, चेहरा लालबुंद. वहिनीनं मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. शेजारची म्हणाली, “सारखं घेऊ नका व त्याले, हाताची सवय लागन.” भाचेसून एकवीस वर्षांची पोर. तिनं मला आतल्या खोलीत हळूच विचारलं, “आत्याबाई, माह्या दुधातच काही खोट हाय का व?”

तो प्रश्न मी अजून विसरले नाही. बाळ अंगानं भरत होतं, दिवसा नीट पीत होतं, ताप नव्हता, उलटी नव्हती. दुधात काहीच खोट नव्हती. त्याचं वय सहा आठवडे होतं, एवढंच. बेरी ब्राझेल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञानं १९६२ साली आयांनी केलेल्या रडण्याच्या रोजच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. धडधाकट बाळांचंही रडणं पहिल्या काही आठवड्यांत वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बरंचसं ओसरतं, असं त्यात दिसलं. संध्याकाळी ते जास्त असतं. रात्री बारा वाजता एकटीनं बाळ खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या आईला हे कुणीतरी सांगायला हवं.

आणि हाताच्या सवयीचं. १९८६ साली इथंच, माँट्रियलमध्ये, हुन्झिकर आणि बार या दोन संशोधकांनी काही आयांना बाळ रडत नसतानाही जास्त वेळ अंगाशी घेऊन वावरायला सांगितलं. सहाव्या आठवड्यात ती बाळं इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडली. ज्यांचं रडणं आधीच हाताबाहेर गेलं आहे त्यांना या उपायाचा तेवढा गुण येत नाही, हेही पुढच्या अभ्यासांत दिसलं. पण घेतल्यानं बाळ बिघडतं, याला कुठेही आधार नाही. आमच्याकडे कपाशी वेचणाऱ्या बाया शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला लुगड्याची झोळी बांधतात आणि दर दोन तासांनी येऊन बाळाला पदराखाली घेतात. त्या बायांना बाळ समजतं, असं मी मनापासून म्हणते.

घेऊनही थांबलं नाही तर? तर नाही थांबत. अशा वेळी आपलाच तोल जायला लागला, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवावं, पाच मिनिटं अंगणात जाऊन उभं राहावं. रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवू नये. मेंदूत रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. हे घरातल्या पुरुषांनाही सांगा.

आठव्या-नवव्या महिन्यात चित्र बदलतं. हसत कुणाकडेही जाणारं लेकरू एकदम माणूसघाणं होतं. आई नजरेआड झाली तरी ती कुठेतरी आहे, हे त्याला नव्यानं कळलेलं असतं, म्हणून ती गेली की ते रडतं. आपल्यापैकी कितीतरी जणांकडे आजी-आजोबा व्हिसा काढून पहिल्यांदा येतात ते नेमके या सुमाराला. मोबाइलवर रोज दिसणारं नातवंड विमानतळावर आजीला पाहून किंचाळतं आणि आजीच्या डोळ्यांत पाणी येतं. आजीला आधी सांगून ठेवा. घरी आल्यावर तिनं जमिनीवर बसावं, वाटी-चमचा वाजवत राहावं, बाळाकडे बघू नये. बहुधा दोन-चार दिवसांत ते रांगत तिच्याकडे जातं.

आता दुसरा पोळा. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. लहान मुलं चाकाचे लाकडी नंदी ओढत आणतात, नंदीच्या गळ्यात घुंगरं, मुलांच्या डोक्याला फेटे. मग घरोघर नंदी नेला की बोजारा मिळतो, दहा-वीस रुपये. आमचा गडी दोन वर्षं एक महिन्याचा. मारुतीच्या पारासमोर त्यानं चुलत भावाचा मोठा नंदी धरला, तो सोडेना; भावानं ओढला तर हा त्याच्या मनगटाला कडकडून चावला. नंदी काढून घेतला तेव्हा चिखलात पाठीवर पडून टाचा आपटायला लागला. सगळं गाव बघतंय. आजोबांनी, म्हणजे माझ्या भावानं, खिशातून मोबाइल काढला. “दे ना बाप्पा त्याले, कायले रडवतं? लहान हाय तो.”

भाचेसून पुढे झाली, मोबाइल सासऱ्याला नम्रपणे परत केला आणि त्याच्याशेजारी चिखलात उकिडवी बसली. नवी साडी नेसली होती. “चावाचं नाही. तो नंदी दादाचा हाय.” एवढंच म्हणाली, दोनदा. मग गप्प. डोकं दगडावर आपटू नये म्हणून खाली हात धरला. मी घड्याळ बघत होते. चार मिनिटं. पहिली दोन मिनिटं नुसता संताप, लाथा, किंकाळ्या. मग आवाज बदलला, खालचा झाला, हुंदके यायला लागले आणि त्यानं दोन्ही हात वर केले. तिनं उचललं.

मायकेल पोटेगल या संशोधकानं अशा आकांडतांडवांचा बारकाईनं अभ्यास केला आहे. त्यातली तीन चतुर्थांश पाच मिनिटांच्या आत संपतात. राग आधी चढतो आणि उतरतो, दुःख मागे उरतं. त्या रागात समजावणं म्हणजे पुरात बांध घालणं. रागाचा पूर उतरल्यावरच जवळ घेणं कामी येतं. चावणं-मारणंही याच वयाचं. इथल्याच क्वेबेक प्रांतात रिचर्ड ट्रेम्बले या संशोधकांनी हजारो मुलं वर्षानुवर्षं पाहिली. मारामारी मुलं मोठ्यांकडून शिकत जातात आणि ती वयाबरोबर वाढते, असा समज होता. प्रत्यक्षात ती दोन-तीन वर्षांच्या आसपास सगळ्यांत जास्त असते आणि मग बहुतेकांची कमी होत जाते. मूल मारायला आपोआप शिकतं, न मारणं त्याला शिकवावं लागतं.

म्हणून मला वाटतं, आपण उलटं करतो. सहा आठवड्यांच्या जिवाला शिस्त लावायला बघतो, घेऊ नका म्हणतो. दोन वर्षांच्याला मात्र “लहान हाय” म्हणून मोबाइल देतो. तान्ह्याला हट्ट करताच येत नाही. हट्ट करायला ‘मला हे हवंय’ एवढं कळावं लागतं, आणि ते कळणं हीच त्या दोन वर्षांची कमाई.

रडकं बाळ पुढे हट्टीच निघतं का, असं आया विचारतात. बहुतेक वेळा नाही. मात्र रडणं, झोप आणि खाणं या तिन्हींचे त्रास महिनोन् महिने टिकले तर लक्ष ठेवावं. २०११ साली २२ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा अशा मुलांत पुढे वागण्याच्या अडचणी जास्त आढळल्या, विशेषतः घरावर इतरही ताण असतील तर.

एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती आमच्या गावात भीतीचं कारण होते. शेजारचं पंधरा महिन्यांचं लेकरू रडता रडता श्वास धरायचं, निळं पडायचं, अंग टाकायचं. आकडी समजून कांदा हुंगवायचे, बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावायचे. हे श्वास रोखणं सहसा मिनिटभरात आपोआप सुटतं. लेकराला कुशीवर निजवावं, तोंडात काही घालू नये. पण पहिल्यांदा झालं की डॉक्टरला दाखवून हिमोग्लोबिन तपासायलाच हवं, कारण लोहाची कमतरता असेल तर हा त्रास वाढतो आणि लोह दिल्यावर बऱ्याच मुलांत कमी होतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. आशाताईकडे, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेकडे, लोहाचं सिरप असतं, आठवड्यातून दोनदा एक मिली. आमच्याकडे ती बाटली बऱ्याचदा फळीवर तशीच पडून राहते, संडास काळी होते म्हणून. गावी फोन कराल तेव्हा त्या बाटलीची चौकशी करा.

गेल्या महिन्यात भाचेसुनेचा आवाजी निरोप आला. मागे कोंबड्यांचा गलका, भांडी पडल्याचा आवाज, आणि मधेच त्याचा घोगरा, रडवेला सूर: “माये, मले राग आला!” पुढे ती हसत सांगत होती, “आत्याबाई, आज चावला नाही. सांगतलं त्यानं.”