घडीच्या कॅमेऱ्याचा भाता

मंडळी, घडीचा जुना कॅमेरा हातात आला की नजर आधी भिंगाभोवतीच्या नावांकडे जाते. भिंग टेसार आहे का, शटर कॉम्पुर की प्रोंटोर? नावं नंतर वाचा. आधी त्यात कोणती फिल्म बसते ते बघा.

१२० नंबरची फिल्म १९०१ पासून आहे आणि आजही सहज मिळते. ६×९ सेंटिमीटरच्या चौकटीत तिच्यावर ८ फोटो येतात, ६×६ला १२, ६×४.५ला १६. ११६, ६१६ किंवा १२२ नंबरच्या फिल्मचा कॅमेरा घेतलात तर तो बहुधा कपाटातच बसेल, कारण ती फिल्म आता बनत नाही. ६२०चं मात्र वेगळं आहे. फिल्म १२०चीच, फक्त रिळाचा दांडा बारीक आणि चकत्या जरा लहान. कोडॅकनं ती १९९५ मध्ये बंद केली, पण ६२०ची दोन रिकामी रिळं जवळ असली की काम भागतं. पूर्ण अंधारात १२०ची फिल्म एका रिळावर गुंडाळायची, मग तिथून दुसऱ्यावर. एकदाच गुंडाळली तर सुरुवातीचं टोक आत जातं. दुसऱ्या फेरीत चिकटपट्टीपाशी फिल्मला फुगा येतो. तिथं पट्टी उचलून, फिल्म सपाट करून पुन्हा चिकटवायची.

आता भाता, म्हणजे भिंग आणि मागची पेटी जोडणारी घड्यांची काळी पिशवी. कॅमेरा घ्यायचा की नाही हे मी तरी यावरच ठरवतो. अंधाऱ्या खोलीत मागचं दार उघडून आत छोटा एलईडी टॉर्च धरा, भाता पूर्ण ताणा आणि बाहेरून घड्यांचे कोपरे बघा. भोकं पडतात ती बहुतेक तिथंच, कारण घडी दोन्ही बाजूंनी मोडते. आग्फा कंपनीच्या इझोलेट कॅमेऱ्याचा भाता याबाबतीत बदनाम आहे. झाइस इकॉन कंपनीच्या कॅमेऱ्यांचे चामडी भाते बरेचदा अजून शाबूत सापडतात. एकदोन भोकं असतील तर लवचीक काळ्या रंगाचा पातळ हात द्या आणि भाता उघडा ठेवूनच दिवसभर वाळवा. थर जाड झाला की घड्या नीट मिटत नाहीत, किंवा एकमेकींना चिकटून उघडताना फाटतात. सगळेच कोपरे गेले असतील तर रंगाच्या नादी लागू नका, भाता बदला.

आग्फाचं दुसरं दुखणं म्हणजे हिरवं ग्रीस. ते वाळून दगड होतं, पुढचं भिंग मागच्याला धरून बसतं आणि फोकसची कडी फिरवली की ती जोडी मिळून शटरमधून सुटू लागते. अंतराचे आकडे मग खोटे. पक्कड लावून जोर करू नका. लायटरमधल्या पेट्रोलचे थेंब सोडून रात्रभर थांबा, हेअर ड्रायरनं ऊब द्या, मग हलक्या हातानं सोडवा. पुन्हा बसवल्यावर अनंताचा, म्हणजे खूप दूरच्या वस्तूंचा फोकस जुळवावा लागतो: फिल्म जिथं टेकते त्या पट्ट्यांवर धुरकट चिकटपट्टी ताणून लावा, शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं तो वेग) उघडं धरा, भिंगाचं छिद्र पूर्ण मोठं करा आणि चिकटपट्टीवर उमटलेली दूरची इमारत हातातल्या बहिर्गोल भिंगातून तपासा.

शटर १/१०० ला ठीक आणि १ सेकंदाला अडकत असेल, तर आतल्या संथ वेगाच्या चक्रांवर मळ साचलाय. तेल घालू नका; ते पात्यांवर पसरतं आणि पाती चिकटतात. सेल्फ टायमरला तर हातच लावू नका, अर्ध्यात अडकला की शटरही अडकतं. कॉम्पुर-रॅपिड शटरवर सर्वांत वरचा वेग शटर चढवण्याआधीच (स्प्रिंग ताणण्याआधीच) लावायचा.

आणि फिल्म भरल्यावर: कॅमेरा झटक्यात उघडला की भाता हवा ओढतो आणि फिल्म पुढं फुगते. सावकाश उघडा, आणि पुढच्या फोटोसाठी फिल्म कॅमेरा उघडल्यानंतरच गुंडाळा, आधी नाही. फोटोचा आकडा दाखवणारी मागची लाल खिडकी लाल रंग न दिसणाऱ्या जुन्या फिल्मसाठी होती. आजच्या फिल्मला लाल दिसतो, म्हणून आकडा सावलीत बघा आणि झडप लगेच लावा. झडप नसेल तर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा चालतो.