अनुक्रमणिकेत दिसणारा दुरावा

नमस्कार मंडळी.

वर्ड्सवर्थ आणि कोलरिज या इंग्रज कवींची मैत्री का तुटली, असं विचारलं की बहुतेक जण १८१० सालाकडे बोट दाखवतात. कोलरिजला घरात ठेवणं किती अवघड आहे, हे वर्ड्सवर्थ दोघांचा मित्र बेसिल माँटेग्यू याच्याशी खासगीत बोलला. माँटेग्यूने ते कोलरिजच्या कानावर घातलं आणि सगळं बिनसलं. हे घडलं, पण माझ्या मते तोवर फार उशीर झाला होता. खरी फट पडली ती १८०० च्या ऑक्टोबरात, आणि ती पाहायला पत्रांचीही गरज नाही. 'लिरिकल बॅलड्स' या दोघांच्या कवितासंग्रहाच्या पहिल्या दोन आवृत्त्यांच्या अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवा.

आधी चांगले दिवस. दोघांची ओळख १७९५ ची, पण गट्टी जमली १७९७ च्या उन्हाळ्यात. वर्ड्सवर्थ सत्तावीस वर्षांचा, कोलरिज चोवीस. कोलरिज सॉमरसेटमधल्या नेदर स्टोई गावात राहत होता. त्याच्या जवळ राहता यावं म्हणून वर्ड्सवर्थ आणि त्याची बहीण डोरोथी यांनी अल्फॉक्सडेनचं मोठं घर वर्षाला २३ पौंड भाड्याने घेतलं. त्या नोव्हेंबरात तिघं पायी सहलीला निघाली. खर्च भरून निघावा म्हणून दोघांनी मिळून एक कविता लिहायची आणि मासिकाला पाच पौंडांना विकायची, असं ठरलं. तीच 'एन्शन्ट मरिनर'. खलाशाने अल्बाट्रॉस हा समुद्रपक्षी मारावा, मग आत्म्यांनी त्याचा सूड घ्यावा, मेलेल्या खलाशांनी जहाज चालवावं, या कल्पना वर्ड्सवर्थच्या. मोजक्या ओळी देऊन तो बाजूला झाला, कारण दोघांची लिहिण्याची पद्धतच जुळेना. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच नडते.

मग 'लिरिकल बॅलड्स'साठी कामाची वाटणी झाली. कोलरिजने अद्भुत विषय घ्यायचे आणि ते खरे वाटायला लावायचे. वर्ड्सवर्थने रोजचं जगणं घ्यायचं आणि त्यातलं नवल दाखवायचं. योजना सुरेख होती, पण ती चालायला दोघांचा हात सारखा चालायला हवा. १७९८ साली पुस्तक निघालं तेव्हा २३ कवितांपैकी १९ वर्ड्सवर्थच्या होत्या आणि ४ कोलरिजच्या. कवीचं नाव नव्हतंच. वर्ड्सवर्थला कोणी ओळखत नाही आणि माझं नाव अनेकांना नकोसं आहे, असं कोलरिजने प्रकाशक कॉटलला कळवलं होतं. तरीही पहिलं पान 'मरिनर'चं होतं.

आता दुसरी आवृत्ती, १८०० सालची, दोन खंडांची. वर्ड्सवर्थ ग्रासमिअरला स्थिरावला होता, कोलरिज तेरा मैलांवर केझिकला आला होता. वर्ड्सवर्थच्या कविता छापखान्यासाठी उतरवून देण्यात कोलरिज राबत होता. 'मरिनर'मुळे पुस्तकाचा खप खाली आला, असं वर्ड्सवर्थचं मत झालं होतं. म्हणून ती कविता पहिल्या जागेवरून उचलून पहिल्या खंडाच्या अखेरीस, शेवटून दुसरी ठेवली. शिवाय तिच्याविषयी त्याने टीप जोडली आणि चार दोष मोजून दाखवले: नायकाला स्वभाव नाही, तो स्वतः काही करत नाही, घटना एकीतून दुसरी निघत नाहीत, प्रतिमा फार रचलेल्या आहेत. पुढे थोडी स्तुती आहे, पण मित्राच्या कवितेविषयी, त्याच पुस्तकात असं छापायचं?

या आवृत्तीत यायच्या कोलरिजच्या 'क्रिस्टाबेल' या कवितेचं तर त्याहून वाईट झालं. ४ ऑक्टोबरला कोलरिजने तिचा दुसरा भाग वाचून दाखवला आणि घर हरखून गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचन झालं, आनंद वाढलाच. ६ तारखेला डोरोथीच्या रोजनिशीत नोंद आहे: 'क्रिस्टाबेल' छापायची नाही. वर्ड्सवर्थची बाजूही खरी आहे. कविता अपुरी होती, लांब होती, आणि त्याच्या नव्या प्रस्तावनेशी तिचा सूर जुळत नव्हता. पण दुसरा खंड अख्खा त्याचाच झाला आणि मुखपृष्ठावर नाव एकट्याचं आलं. १८०१ च्या मार्चमध्ये कोलरिजने लेखक विल्यम गॉडविनला लिहिलं की, खरी कविता काय असते हे वर्ड्सवर्थने दाखवलं आणि आपण कवी नाही हे आपल्याला कळलं.

बाकीचं थोडक्यात सांगते. अफूच्या अर्काचं व्यसन, फसलेला संसार, वर्ड्सवर्थच्या मेहुणीवर, सारा हचिन्सनवर जडलेलं मन, या सगळ्याने कोलरिज खचत गेला. १८१२ साली तो ग्रासमिअरमधून गेला, पण वर्ड्सवर्थच्या घरी थांबला नाही. त्याच वर्षी दोघांचा मित्र क्रॅब रॉबिन्सन याने मध्यस्थी करून समेट घडवला. १८२८ साली दोघं ऱ्हाईनकाठी एकत्र फिरलेही, पण जुनी जवळीक परतली नाही.

'मरिनर'वर कोलरिजचं नाव मात्र १८१७ साली त्याच्या स्वतःच्या संग्रहात पहिल्यांदा छापलं गेलं. तेव्हा त्याने समासात गद्य टिपा घातल्या, आणि त्यांत तो एकेक घटना का घडते ते समजावून सांगतो. वर्ड्सवर्थचा तिसरा आक्षेप नेमका तोच होता.