पेटी आहे, पण कात्री कुठे आहे?

श्रोतेहो, नमस्कार. प्रथमोपचाराची पेटी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असते. मात्र ती या क्षणी कुठे आहे आणि तिच्यात काय शिल्लक आहे, हे घरातल्या किती जणांना सांगता येईल?

आमच्या घरी हा प्रश्न १९९६ साली गौरीजेवणाच्या दिवशी उभा राहिला. घर पाहुण्यांनी भरलेले होते. आत्या विळीवर तांबडा भोपळा चिरत असताना फोड निसटली आणि तिच्या अंगठ्याच्या बुंध्याशी चांगलाच खोल काप गेला. "पेटी आणा!" असे बाबा ओरडले, पण पेटी लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली आजीच्या कनवटीला आणि आजी शेजारी हळदीकुंकवाला गेलेली. तिला बोलावून आणून बिस्किटांचा तो जुना डबा उघडेपर्यंत पंधरा मिनिटे गेली. आत काय होते? चिकटपट्टी वाळून कडक झालेली, कापसाची गुंडाळी उघडी पडून धूळ खात असलेली आणि मलमाच्या नळीची मुदत तीन वर्षांपूर्वी संपलेली. कात्री तर नव्हतीच. ती मखराच्या थर्माकोलमध्ये खोचलेली, डिंकाने माखलेली सापडली. (थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली; माझ्या मते ती निदान वीस वर्षे आधी यायला हवी होती.)

दरम्यान कोणीतरी जखमेत मूठभर हळद दाबली होती. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्या निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी आत्याचा हात नळाखाली धरला, धुतलेल्या पंचाची घडी जखमेवर घट्ट दाबली, हात छातीच्या वर उचलून धरायला सांगितले आणि बजावले, "आता दहा मिनिटे कोणीही उचलून बघायचे नाही." दुसऱ्याच मिनिटाला बाबांनी विचारले, "थांबले का हो?" काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले. पुढे दवाखान्यात तीन टाके पडले आणि धनुर्वाताचे इंजेक्शन दिले गेले. परंतु टाके घालण्यापेक्षा जखमेतली हळद काढण्यातच डॉक्टरांचा अधिक वेळ गेला. हळद फोडणीत घालावी, जखमेत नव्हे.

म्हणून पुन्हा सांगतो: स्वच्छ कापड, घट्ट दाब, दहा मिनिटे. रक्त कापडातून वर आले, तरी ते कापड न काढता त्यावरच दुसरे ठेवावे. वाहते रक्त थांबेना, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

पेटीत निर्जंतुक गॉजच्या बंद पुड्या, रोलर बँडेज, क्रेप बँडेज (मुरगळल्यावर बांधायची ताणली जाणारी पट्टी), चिकटपट्टी, जखमेवर लावायचे जंतुनाशक पोव्हिडोन आयोडीन, हातमोजे, चिमटा, थर्मामीटर, पॅरासिटामॉल आणि ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात विरघळवून द्यायच्या क्षार-साखरेची, पाकिटे असली, म्हणजे घरगुती प्रसंगांपुरते भागते. ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात करावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. भाजल्यावर लावायचे औषध पेटीत शोधत बसू नये; ते नळाला आहे. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. बर्फ नको, टूथपेस्ट तर नकोच. मागच्या आजारपणातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या पेटीत साठवू नयेत. "मला याच गोळीने बरे वाटले होते" असे म्हणून त्या पाहुण्यांना वाटणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत, मग ते माझे सख्खे नातेवाईक का असेनात.

पेटी न्हाणीघरात ठेवू नये, कारण तिथल्या दमटपणाने चिकटपट्टी आणि गोळ्या दोन्ही खराब होतात. ती लहान मुलांच्या हाताला लागू नये इतक्या उंचीवर, पण कुलपाविना, मोठ्यांपैकी प्रत्येकाला ठाऊक असलेल्या कोरड्या जागी असावी. पुन्हा सांगतो, उंचावर, पण कुलपाविना. पाडव्याला आणि दसऱ्याला, अशी वर्षातून दोनदा ती जमिनीवर रिकामी करावी, मुदती वाचाव्यात आणि संपलेले लगेच आणावे.

आमच्या घरी त्या वर्षापासून पेटीतली कात्री डब्याच्या कडीला सुतळीने बांधलेली असते. गेल्या दसऱ्याला पेटी उघडली, तेव्हा कडीला सुतळीचे नुसते टोक लोंबत होते, आणि ती इतकी सफाईने कापलेली होती की, त्यासाठी तीच कात्री वापरली असावी. नमस्कार.