भरताच्या दिवसांत, कुत्र्यासह शेतावर

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी पडली, वांगी भरली, की आपल्या खानदेशात घरोघरी एकच बेत ठरतो: शेतावर भरीत. नाताळची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईची, नाशिकची मंडळी गावी येतात आणि अलीकडे त्या गाडीतून एक कुत्राही उतरतो. माझ्या मते हा बदल फार चांगला आहे. जो प्राणी वर्षभर आपल्या दाराशी बसून वाट बघतो, त्याला सुट्टीच्या दिवशी कुलूप लावलेल्या घरात ठेवून जाऊ नये. पण त्याला नेणार असाल तर सहलीचा दिवस त्याच्या शरीराला आणि गावाच्या रिवाजाला धरून आखा, एवढी माझी विनंती आहे.

आमचा वाघ्या गावठीच आहे, तांबूस रंगाचा. भडगाव तालुक्यात गिरणेच्या काठी आमच्या जिभाऊंचं शेत आहे, तिथे तो आमच्याबरोबर येतो. मुलं गाडीतून उतरायच्या आत तो पाटाच्या कडेला पोहोचलेला असतो. गेल्या खेपेला बांधावरूनच जिभाऊंनी हाक दिली, “कुत्राले मोकया सोडू नका, कपाशीवर फवारा मारेल शे.” शहरातल्या माणसाच्या हे लवकर ध्यानात येत नाही. फवारलेल्या झाडांतून कुत्रा फिरला की औषध त्याच्या पायांना, केसांना लागतं आणि तो ते चाटतो. फवाऱ्याच्या ड्रमात उरलेलं पाणीही पितो. म्हणून शेतात पाऊल टाकण्याआधी मालकाला विचारायचं की फवारणी कधी झाली, उंदरांचं औषध कुठे ठेवलंय. तोवर पट्टा हातात ठेवायचा आणि पाणी घरून आणलेलं, त्याच्या भांड्यातलंच द्यायचं.

आता भरिताकडे येऊ, कारण खरा धोका तिथेच आहे. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याची चव आपल्याला कागद यायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. हिरवी-पांढरी, हातभर वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर टाकायची, साल काळी पडून आतून रस सुटेपर्यंत भाजायची, सोलून लाकडी भांड्यात मुसळीने ठेचायची. मग तेलात लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून कोथिंबीर. केळीच्या पानावर कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं की पंगतीत सगळे गप्प होतात. अशा वेळी कुत्रा समोर येऊन बसतो आणि कुणाचा तरी जीव कळवळतो. घरातली मोठी माणसं मायेनेच म्हणतात, त्यालेबी दे ना एक घास.

तो घास देऊ नका. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने, भाजल्याने तो गुण जात नाही. त्रास लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो: हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, कुत्रा गळून जातो. तोवर तुम्ही गावाहून परत आलेले असता आणि भरीत विसरलेले असता. शेवभाजीच्या रश्शाचंही तेच. द्राक्षं आणि मनुकाही त्याला चालत नाहीत, चॉकलेटही नाही. भाकरी थापणाऱ्या बाईंना आधीच सांगून ठेवा, एक ज्वारीची भाकरी मीठ न घालता त्याच्यासाठी टाका. थोडं दही त्यात कुस्करलं की वाघ्या ताटली चाटूनपुसून साफ करतो. मुलांना ही वाढणी करू द्या, तेवढ्या वेळात ती पंगतीतला घास त्याच्याकडे टाकत नाहीत.

दुपारी बहुतेक घरांत पाटणादेवीचा विषय निघतो. चाळीसगावपासून जवळ आहे, डोंगर आहे, भास्कराचार्यांचं नाव त्या भूमीशी जोडलेलं आहे, मुलांना दाखवायलाच हवं. जरूर जा. पण तो परिसर १९८६ साली जाहीर झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, आणि अभयारण्यात आपला कुत्रा न्यायचा नाही. यामागचं कारण मला मनापासून पटतं. कुत्र्यांतल्या डिस्टेंपरसारख्या रोगांचा विषाणू रानातल्या प्राण्यांत शिरला तर त्यांना वाचवणारं कुणी नसतं. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, त्यांतल्या काहींच्या अंगात हाच विषाणू सापडला होता. शिवाय बिबट्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य. म्हणून घरातल्या दोघांनी कुत्र्याबरोबर शेतावर राहायचं, बाकीच्यांनी देवीला जाऊन यायचं. त्याला बंद गाडीत ठेवून दर्शनाला जाणं मात्र कधीच नको. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पायांच्या तळव्यांना, बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. काचा लावलेल्या गाडीत डिसेंबरच्या उन्हातही त्याचा जीव जाऊ शकतो. मग आपल्याकडचा मार्च-एप्रिल तर विचारूच नका.

शेतावर राहणाऱ्यांची दुपार काही वाया जात नाही. गिरणेच्या वाळूत वाघ्या खड्डे खणतो, ओल्या वाळूत पोट टेकून पडतो, आणि मुलं त्याच्या शेजारी तशीच पडतात. मला वाटतं, मोठेपणी ती देवळाच्या पायऱ्या विसरतील, पण ही वाळू नाही विसरणार.

नदीकडे जाताना मेंढ्यांचा वाडा उतरलेला असेल तर लांबून वळसा घाला. तिथली कुत्री लांडग्याला न भिणारी असतात, कळपाची राखण हेच त्यांचं काम. गल्लीतल्या कुत्र्यांचीही आपापली हद्द असते. आपला कुत्रा तिथे पाहुणा आहे, त्याला पट्ट्यावर ठेवून, न थांबता पुढे न्यावं. वर्षाची रेबीजची लस घेतलेली असल्याखेरीज त्याला गावी आणूच नये. आणि कुणाही माणसाला, लहान मुलाला तर विशेषच, कुत्रा चावला किंवा दात नुसता लागला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही, वेळेवर घेतलेल्या लसीने मात्र वाचतो.

संध्याकाळी निघण्याआधी कुत्र्याला उजेडात घ्या. पायांच्या बोटांमध्ये सराटे रुतलेले असतात, कानात गवताची कुसळं शिरतात आणि आत सरकत जातात. कानाच्या मागे, गळपट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी गोचीड बघा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. कुत्रा सारखा डोकं झटकत असेल तर कानात काडी घालू नका, दुसऱ्या दिवशी पशुवैद्याकडे न्या.

लसीचं कार्ड गाडीतच असू द्या. तुमची सुट्टी आनंदात जावो.

नमस्कार.