‘ते घरचंच होतं ना, सर!’

(जर्मनीला आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे काम करत घ्यायच्या व्यावसायिक प्रशिक्षणासाठी, निघालेल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांपुढे पुण्यात दिलेल्या व्याख्यानातून)

आपण सगळे एकाच अर्जावर वाढलो. ‘महोदय, मी आपल्या शाळेत इयत्ता नववीत शिकत असून… तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.’ हसताय काय? तुमच्यातल्या निम्म्यांच्या मोटिव्हेशन लेटरमध्ये, म्हणजे ‘मला का यायचंय’ सांगणाऱ्या अर्जाच्या पत्रात, हेच आहे, फक्त जर्मनमध्ये.

तुमचं आउसबिल्डुंग तीन वर्षांचं. त्यात २१०० तास वर्गात आणि २५०० तास प्रत्यक्ष कामावर, वॉर्डात, वृद्धाश्रमात. तुम्हाला घेणाऱ्याला धास्ती एकच: ही पोरं सहा महिन्यांत सोडून तर जाणार नाहीत? पत्र वाचताना तो याचंच उत्तर शोधत असतो. तिथे तुम्ही ‘आपली सुप्रसिद्ध संस्था’ म्हणून सुरुवात करता. चाळीस खाटांचा वृद्धाश्रम तो, आपण किती सुप्रसिद्ध आहोत हे त्यांना ठाऊक असतं.

गेल्या वर्षी एका मुलीनं मसुदा आणला. पहिलं वाक्य, ‘लहानपणापासून मला रुग्णसेवेची आवड आहे.’ म्हटलं, लहानपणी कुणाची सेवा केलीस गं? गप्प. मग हळूच म्हणाली, ‘आजी दीड वर्ष अंथरुणाला खिळून होती. दर दोन तासांनी तिची कूस मीच बदलायचे. नाहीतर पाठीला जखमा होतात.’

अगं, मग हे पत्रात कुठंय?

‘ते घरचंच होतं ना, सर!’

आवडीची वाक्यं खोडली आणि आजीला वर घेतलं. त्याखाली, याच गावात का यायचंय, याच्या तीन ओळी. झालं पत्र.

रीतभात पटकन सांगतो. एकच पान. जाहिरातीत संपर्काचं नाव असेल तर मायना त्याच नावानं. ‘दामेन उंड हेरेन’, म्हणजे नुसतं ‘महोदया आणि महोदय’, नाइलाज असेल तरच. मायन्यापुढे स्वल्पविराम, आणि पुढची ओळ लहान अक्षरानं सुरू. इंग्रजीची सवय इथे हमखास घात करते. शेवटी ‘भेटायला आवडलं असतं’ छापाचं चाचरणं नको, सरळ ‘इश फ्रॉये मिश’, म्हणजे ‘भेटीची आनंदाने वाट पाहतोय’, लिहा.

आणि तयार पत्रं घेऊ नका. एका एजंटानं दिलेल्या पत्रात गावाचं नाव बदलायचंच राहिलं होतं. अर्ज श्टुटगार्टला, ओढ हांबुर्गची! एआयकडून लिहून घ्याल, तर पत्र सी-वनचं, म्हणजे भाषेच्या वरच्या पातळीचं, आणि तोंड मधल्या बी-वनचं. मुलाखतीत ते पत्रच समोर धरून प्रश्न विचारतात.

आजीवाल्या त्या मुलीलाही मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, ‘रात्रीसुद्धा दर दोन तासांनी?’ ती म्हणाली, ‘नाही. एकदा मला झोप लागली. सकाळी आजीच्या टाचेवर लाल डाग होता.’ पुढची दहा मिनिटं त्या बाई आणि ही, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी कशी ठेवायची, यावरच बोलत होत्या. व्याकरणाच्या चुका भरपूर झाल्या म्हणे.