पाटीच्या वरचा मजला

(पहाट. गणपती घाट, वाई.)

देवळातली घंटा वाजायच्या आधी घाटावर ऐकू येतं ते धुणं आपटणं. खालच्या पायऱ्या मधोमध झिजून गुळगुळीत झाल्यात. कडेला मात्र टाकीचे घाव अजून तसेच आहेत, बोट फिरवलं की लागतात. कृष्णेचं पाणी आज शांत आहे.

(नदीतून देवळाची मागची बाजू.)

ढोल्या गणपतीचं दर्शन सगळे पुढून घेतात. आपण मागून बघू. ही भिंत सरळ नाही. माशासारखी निमुळती होत नदीकडे टोक काढून उभी आहे. पुराचा लोंढा या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. हे देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. रास्ते म्हणजे पेशव्यांचे व्याही. नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. पैसा होता, मान होता, पण बांधणाऱ्याने नदीशी वैर धरलं नाही, तिला वाट करून दिली. आत जवळजवळ दहा फुटांची, एका दगडातली मूर्ती. समोर शाळेला उशीर झालेला एक मुलगा चप्पल न काढता बाहेरूनच हात जोडतो आणि पळतो.

(बाजारपेठ. दुकानं उघडतायत.)

खाली मोबाइल रिचार्ज, साड्यांचा सेल, चष्म्यांचं दुकान. आता नजर पाटीच्या वर न्या. लाकडी सज्जा, कोरीव खांब, आणि कोपऱ्यात लटकलेलं केळफूल. सुताराने त्याची पाकळी न् पाकळी सोडवली आहे. त्याच केळफुलाला कुणीतरी वाढदिवसाच्या फ्लेक्सची तार आवळली आहे. लाकडात ती चांगली अर्धा बोट रुतली आहे.

(मेणवली. घाट, मग घंटेचा क्लोजअप.)

वाईपासून जवळच मेणवली. नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा आणि त्याच्या मागे हा घाट. शाहरुख खानचा ‘स्वदेस’ इथे चित्रित झाला, म्हणून पर्यटक येतात, पायऱ्यांवर बसून फोटो काढतात. या घंटेकडे मात्र जरा जवळून बघा. धातूवर उठावात मेरी आणि बाळ येशू. आणि साल, १७०७. ही घंटा चर्चची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा पोर्तुगिजांच्या अशा घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि पुढे ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या गेल्या. त्यातलीच ही एक. हिच्याखाली आज दोघी जणी गोधडी पिळतायत, एकीने एक टोक धरलंय, दुसरीने दुसरं.

(वाईतली एक आळी. वाड्याची भिंत उतरवलेली, गवंडी कामावर.)

इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. या वाड्याला मागे कधीतरी सिमेंटचा गिलावा केला होता. सिमेंटने ओल आत कोंडली, भिंत फुगली, पोपडे सुटले. आता तो सगळा खरवडून चुना लावतायत. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, पाण्यात टाकली की पाणी उकळतं, वाफ निघते. पिंपाजवळ उभं राहवत नाही. विरलेला चुना कित्येक दिवस मुरत ठेवायचा. मग वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून मळायचा. पूर्वी चुना मळायच्या घाण्यात दगडी चाक फिरायचं, ते बैल ओढायचे. आता मोटर आहे, घरघर तेवढी वाढली. त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर. प्रमाण विचारलं तर गवंडी थापीवर थोडा चुना घेतात आणि थापी उलटी करतात. चुना पडत नाही. “हे प्रमाण,” म्हणतात.

माजघरात जेवणं चालली होती, तिथे कॅमेरा नेला नाही. ओसरीवरून वर बघितलं तर कडीपाट, लाकडी तुळया आणि फळ्यांचं छत. चुलीच्या धुराने काळा झालाय, पण एकाही तुळईला वाळवी नाही.

(शेजारचा रिकामा प्लॉट.)

शेजारचा वाडा उतरवला. तिथे आता फ्लॅट होणार.

(संध्याकाळ. तीच भिंत.)

गवंडी हात धुतात. ओल्या चुन्यावर गोणपाट टांगतात आणि मगाने पाणी मारतात. दोन मुलं त्याच भिंतीवर चेंडू मारायला येतात, गोणपाट बघून समोरच्या भिंतीकडे वळतात. गोणपाटावरून पाणी ठिबकत राहतं. रात्री निजायच्या आधी घरातलं कुणीतरी अजून एकदा पाणी मारेल.